आत दाजी आहेत

१

नानासाहेबांनी हौदावरचं पत्र्याचं झाकण ढकललं, तसा त्यावरचा कण्हेरीच्या फुलांचा थर सर्रकन घसरला. नारळाची वाटी खडखडत मातीत पडली. हळदीकुंकवाची बोटं नानासाहेबांच्या पांढऱ्या बाहीला पुसली गेली. त्यांनी आत डोकावलं आणि तसेच थांबले.

"पाणी कुठं हाय?"

हौद खांद्याइतका उंच होता. मागची सगळी माणसं टाचा उंचावून कडेवर वाकली. तळाला ओलसर गाळ होता, मधल्या खळग्यात वाटीभर पाणी होतं आणि त्या पाण्यात आभाळाचा एक तुकडा. बास. मागं म्हशी दावी ओढत होत्या. जनावरांना पाण्याचा वास कळतो म्हणतात, पण वास नसलेलाही कळत असावा. एक रेडकू केविलवाणं ओरडलं.

शहाऐंशीचा उन्हाळा होता. अणदूर आणि जळकोटच्या मधे, सडकेपासून जरा आत असलेल्या हिप्परगवाडीच्या विहिरी शिमग्यालाच आटल्या होत्या. दूध संस्थेनं बांधलेला हा हौद म्हणजे गावच्या जनावरांचा जीव. त्यात टँकर ओतला जायचा, संध्याकाळी धारांच्या आधी तोटी उघडून डोणीत पाणी सोडलं जायचं, आणि सगळ्या सभासदांच्या म्हशी, मग त्या पाटलाच्या असोत नाही तर भीमनगरच्या, एकाच डोणीला तोंड लावायच्या. गावात असं पहिल्यांदाच घडत होतं. काहींना ते गोड लागलं होतं, काहींच्या घशात अडकलं होतं.

आज सकाळीच टँकर आला होता. बायकांनी गंगेची ओटी भरली होती. आणि आता हे!

"तोटीची किल्ली कुणापाशी असती?" नानासाहेब संस्थेचे चेअरमन. त्यांनी प्रश्न हवेत विचारला, पण उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"माझ्यापाशी," मच्छिंद्र म्हणाला. तो भीमनगरचा, बारावी झालेला, संस्थेचा सचिव. दूध मोजायचा, हौद सांभाळायचा.

"दुपारभर इथंच संस्थेच्या खोलीत नाटकाची तालीम चालली. समदे समद्यांच्या डोळ्यांपुढं व्हते. तू तेवढा पडद्यामागं. एकटा. आन् पडद्यामागलं दार उघडतंय ते हौदाकडं."

"म्या दाजींचं काम करत व्हतो, चेअरमनसाहेब."

"कोण दाजी? कुणी बघितला का रं दाजी?"

दोघंतिघं हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. कुणीतरी मागून पुटपुटलं, भीमनगरच्या घागरी भरल्या असतील.

"उद्या धारांच्या आधी इथंच बैठक," नानासाहेब म्हणाले. "तवर पाणी कुठं गेलं ते सांग. न्हाय तर किल्ली खाली ठेव आन् घरी जा. हौदाचं बी मग बघू. पयल्यासारखं ज्याचं त्याचं येगळं असलेलंच बरं."

बायकांच्या घोळक्यात गिरिजाबाई उभ्या होत्या. वडीलधारी पुरुषमंडळी समोर असली की त्या पदर भुवयांच्याही खाली ओढत, त्यामुळं त्यांना माणसांचे चेहरे दिसले नाहीत. दिसले ते पाय. हौदात बघण्यासाठी सगळ्यांच्या टाचा वर उचललेल्या. एकाच माणसाच्या वहाणा तेवढ्या जमिनीला टेकलेल्या होत्या. उजव्या वहाणेचा तुटका अंगठा सुतळीनं बांधलेला.

गिरिजाबाईंच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. पण आज सोमवार. नवरा गेल्यापासून दर सोमवारी दिवा लागेपर्यंत त्या मौन पाळत. त्यांनी मावळतीकडं पाहिलं. सूर्य अजून चांगला हातभर वर होता.

२

दिवा लावला. विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केली. मग गिरिजाबाई दिवसातलं पहिलं वाक्य बोलल्या.

"नीलम्मा, दुपारी माझी परळ कोरडी होती."

नीलम्मा त्यांची सून. माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचं, म्हणून सासूला 'अत्ती' म्हणायची, आणि सासूच्या मौनाची भरपाई स्वतःच्या तोंडानं करायची. "पक्ष्यांची परळ? अय्यो अत्ती, तिथं एवढं रामायण झालं आन् तुमी परळ घेऊन बसल्या?"

पण गिरिजाबाईंच्या मनातून ती परळ जाईना. त्यांचा रोजचा नेम होता. हौदाची तोटी जुनी, कितीही आवळली तरी ठिबकायची. त्या ठिबकीखाली त्या मातीची परळ ठेवत. दुपारपर्यंत ती भरे आणि चिमण्या, साळुंक्या, कधी एखादा होला तिथं येऊन भांडत. आज दुपारी त्या गेल्या तेव्हा परळीत धूळ होती.

"चिमण्यांनी पिऊन टाकलं असंल."

"चिमण्याच नव्हत्या गं."

नीलम्मा भाकरी थापता थापता थांबली. "म्हंजे तालमीच्या आधीच…?"

"तेच कळंना." गिरिजाबाईंनी वात सारखी केली. तालीम आठवून बघितली.

संस्थेच्या वर्धापनदिनासाठी मच्छिंद्रनं नाटक लिहिलं होतं. त्यात दाजी नावाचे एक म्हातारे. सगळं घर त्यांच्या धाकात. पण ते आतल्या खोलीत असतात आणि शेवटपर्यंत बाहेर येत नाहीत. चहाचा पेला भरून आत जातो, रिकामा बाहेर येतो. एकदा काठी आपटते. एवढेच काय ते दाजी. पेला घ्यायला आणि काठी आपटायला मच्छिंद्र पडद्यामागं उभा राहायचा.

थोरल्या मुलाचं काम होतं धोंडप्पांचं. धोंडप्पा म्हणजे गिरिजाबाईंचे भासरे, नवऱ्याचे थोरले बंधू. पानमळ्याचे मालक, संस्थेचे संचालक, उमेदीत गावच्या नाटकात गाजलेले. तरी मच्छिंद्रनं दुपारी त्यांना थांबवलं होतं.

"अप्पा, दाजींचं नाव निघालं की तुमी आतल्या दाराकडं बघतच न्हाय."

"आत तूच उभा हाईस की लेका. काय बघू, तुझं तोंड?"

सगळे हसले. मच्छिंद्रही हसला. "तेच तर म्हणतोय म्या. आत कुणी न्हाय हे तुमाला ठाव हाय. म्हणून नजर तिकडं जात न्हाय. ह्या श्रीमंतकडं बघा, पेला नेताना ह्याचा हात कापतो. ह्याचा हात कापला की दाजी आत येऊन बसले. न दिसणारं माणूस आत नसतंय, अप्पा. ते बाहेरच्यांच्या वागण्यात असतंय."

श्रीमंत सुनेचं काम करत होता. त्यासाठी मिशी काढून बसला होता. तो लुगड्याचा पदर तोंडाला लावून अस्सल लाजला, आणि बायका हसून हसून लोळल्या.

गिरिजाबाई मात्र तेव्हाही हसल्या नव्हत्या. तीस वर्षं रोज ज्याच्यापुढं डोळे मिटले तो कधी दिसला नव्हता. पण तो आहे हे त्यांनी कशावरून मानलं होतं, ते आज कुणीतरी नाटकाच्या निमित्तानं सांगून गेलं होतं.

३

मंगळवारी सकाळी दूध घालून झाल्यावर गिरिजाबाई आणि नीलम्मा रेंगाळल्या. मच्छिंद्र बरण्या विसळत नव्हता, नुसता पुसत होता. विसळायला पाणी नव्हतं.

"काकू, तुमी बी किल्लीचंच इचारणार?"

"न्हाय बाबा. तोटी कुठं बसवलीय ते दाखव."

त्यानं हातातलं फडकं टाकलं. मग बाहेर आला. हौदाच्या बुडाजवळ तोटी होती, तिला कुलूप. खाली दगडी डोणी.

"तळापासनं वर किती?"

"वीतभर. गाळ अडकू नये म्हणून मुद्दाम वर बसवली. तेवढं पाणी कायम खाली राहतंय. म्हणून तर म्या आन् श्रीमंतनं परवा आत उतरून सगळं उपसलं, घासलं, फडक्यानं टिपून कोरडं केलं. नवं पाणी येणार व्हतं ना."

"काल दुपारी तू कितीदा बाहेर गेलास?"

"एकदा बी न्हाय. पेला कधी आत येईल त्याचा नेम नसतोय. श्रीमंत मधेच वाक्यं गाळतो."

"पण तोटी उघडून ठेवायला एक क्षण पुरतो. उघडून परत पेला घ्यायला आलास, असं नानासाहेब म्हणतील."

मच्छिंद्रचा चेहरा पडला. "तुमाला बी तसंच वाटतंय?"

"मला काय वाटतं ते राहू दे. नीलम्मा, चढ बघू वर."

नीलम्मा कासोटा आवळून कडेवर चढली, आत वाकली. "गाळ हाय नुसता, अत्ती. कालचं वाटीभर पाणी बी गेलं."

"वीतभर पाण्याची खूण? भिंतीला कुठं ओल?"

"कुठं काय! भिंत खडखडीत."

गिरिजाबाईंनी हौदाच्या भिंतीला तळहात लावला. नेहमी हात लावला की देवळातल्या फरशीसारखं गार लागायचं. त्यांनी मच्छिंद्रकडं पाहिलं. त्याच्याही ध्यानात येत होतं, आणि त्याचे डोळे हळूहळू मोठे होत होते.

"तोटीतनं सोडलं असतं…" तो म्हणाला.

"तर तोटीच्या खालचं खालीच राहिलं असतं. वीतभर." गिरिजाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कुणाला बोलू नको अजून. तोटीतनं गेलं न्हाय, मग वरनं गेलं का ते बघायचंय."

संस्थेच्या दारात श्रीमंत उभा होता. मिशीच्या जागी पांढरट पट्टा. मच्छिंद्र गेला तर सचिवाची जागा त्याला मिळणार, हे गावाला पाठ होतं.

"काकू, म्या न्हाय बरं का," त्यानं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "म्या मधे एकदा बाहेर गेलतो, खरंय. लुगड्यात बिडी वढायला गेलतो. हौदाकडं बघितलं बी न्हाय. आन् माझ्यापेक्षा जास्त येळा तर धोंडप्पाच गेले. सारखे सडकेकडं कान लावून. म्हटलं, अप्पा, कुणी यायचंय का? तर खेकसले."

गिरिजाबाईंनी भासऱ्यांचं नाव ऐकताच सवयीनं पदर पुढं ओढला.

४

मालनबाई नानासाहेबांच्या मालकीणबाई. गावातली कुठलीही ओटी त्यांच्या हातून भरली जायची. गिरिजाबाई त्यांच्या ओसरीवर टेकल्या. मालनबाईंनी गुळाचा खडा पुढं केला. पाणी देण्याचे दिवस नव्हते, आणि कुणी त्याचं वाईटही वाटून घेत नव्हतं.

"चेअरमनसाहेब लई चिडलेत?"

"चिडतील न्हाय तर काय! हौद एक करायच्या पायी भावकीशी भांडले. आता भावकी म्हणती, घ्या, बसा."

गिरिजाबाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला. म्हणजे हौद आटण्यात नानासाहेबांचाही फायदा नव्हता. त्यांचा राग हा तोंडघशी पडलेल्या माणसाचा राग होता.

"वहिनी, काल सकाळी हौदात पाणी पडताना तुमी बघितलं?"

"बघितलं म्हंजे! धो-धो आवाज येत व्हता की. सगळ्याजणी व्हतो."

"आवाज ऐकला. बघितलं का?"

"हौद केवढा उंच. आमी खाली ताट घेऊन उभ्या. टँकरचा पाइप वर सोडलेला. भरला भरला असं वरनं सांगितलं, झाकण टाकलं, मग आमी पूजा मांडली."

"झाकणावर. नेहमी तर तोटीशी करता."

"माझ्या बी मनात तोटीशीच करायचं व्हतं. तोटीतनं चूळभर पाणी सोडायचं, त्यात फूल टाकायचं, अशीच रीत. पण म्हणाले, वहिनी, गंगेच्या डोक्यावरच फूल ठेवा, आन् दिवेलागणीपातूर कुणी हलवू नका, पूजा मोडू नये. मला बी पटलं. देवाच्या कामात कोण वाद घालतंय?"

"आणि सांजच्याला नानासाहेबांनी झाकण सरकवलं तेव्हा तुमची मांडलेली पूजा?"

"होती तशी. पाच पानं, सुपारी, फुलं. एक पाकळी हलली नव्हती. म्हणून तर माझं काळीज चरकलं. आमच्या ह्यांना म्हणत व्हते, दिवा लागू द्या. पण म्हशी थांबंनात आन् तोटी उघडली तर थेंब येईना."

वरूनही पाणी गेलं नव्हतं. तोटीतूनही गेलं नव्हतं. गिरिजाबाईंना एकदम ओसरीवर बसल्या बसल्या गार वाटलं. पाण्याची चोरी सगळे दुपारी शोधत होते. पण दुपारी चोरायला आत होतं काय?

सगळ्या गावानं रिकाम्या हौदाची पूजा केली होती. आणि पूजा होती म्हणूनच कुणी झाकणाला हात लावला नव्हता.

"झाकणावर पूजा करा, असं कोण म्हणालं, वहिनी?"

मालनबाई आश्चर्यानं म्हणाल्या, "आता! तुमचेच भासरे की वो. तेच तर पहाटं सडकेवर जाऊन टँकर घेऊन आले. तेच वर चढले व्हते."

५

घरी आल्यावर गिरिजाबाईंनी नीलम्माला काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाल्या, "मळ्यात जाऊन येऊ."

वाटेत त्यांचे पाय जड झाले होते. नवरा गेला तेव्हा त्यांचा मुलगा सिद्धलिंग रांगत होता. त्याला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली ती धोंडप्पांनी. त्याची शाळा, त्याचं लग्न, सगळं धोंडप्पांनी केलं. आणि पानमळ्यातले निम्मे वेल त्यांच्या नवऱ्याच्या हातचे होते. त्या मळ्यातलं पान खंडोबाच्या तळीला जायचं.

धोंडप्पा मळ्याच्या दारात बाजेवर बसले होते. गिरिजाबाई नेहमीसारख्या बाजूला वळून उभ्या राहिल्या, पदर खाली ओढून. लग्न होऊन आल्यापासून त्या भासऱ्यांशी एक शब्द थेट बोलल्या नव्हत्या. भासऱ्यांनी गिरिजाबाईंचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता, गिरिजाबाईंनी भासऱ्यांचं नाव कधी उच्चारलेलं नव्हतं. जे काही बोलायचं ते मधल्या माणसाकरवी. आज मधे नीलम्मा होती.

पदराखालून त्यांना जमीन दिसत होती. बाजेखाली वहाणा काढून ठेवलेल्या. उजवीचा अंगठा सुतळीनं बांधलेला.

"विचार मामांना, तब्येत बरी हाय का."

"बरी हाय म्हणावं," धोंडप्पा म्हणाले. "बसा. नीलम्मा, पान घे, सासूला दे."

पान गिरिजाबाईंच्या हातात आलं. त्यांनी देठ खुडला. कट्कन आवाज झाला. गेल्या महिन्याभरात साऱ्या पंचक्रोशीतल्या वेलांची पानं चामड्यासारखी लुळी पडली होती. हे पान ताठ होतं, त्याच्या शिरा भरलेल्या होत्या.

"विचार, वेल कसे राखले?"

"देवाची दया."

"विचार, काल दुसरा टँकर यायचा होता का?"

नीलम्मानं विचारलं. बाजेची दोरी करकरली. "यायचा व्हता दुपारी," धोंडप्पा म्हणाले. "वाटेत बंद पडला. का?"

"काही न्हाय म्हणावं. तालमीत सारखे सडकेकडं कान होते, म्हणून विचारलं."

आता नीलम्मालाही कळलं. तिनं सासूचं वाक्य पुढं पोचवलंच नाही. पोचवायची गरज नव्हती. तिघंही हातभर अंतरावर होते.

"पोरी," धोंडप्पांचा आवाज बदलला. "तुझ्या सासूला सांग. घरातलं घरात ठेवतात. सिद्धलिंगाला पोटच्यासारखं वाढवलंय म्या."

गिरिजाबाईंनी पान तोंडात घातलं नाही. पदराच्या टोकाला बांधलं. "सांग मामांना," त्या म्हणाल्या, "ते मी एक दिवस विसरले न्हाय. म्हणून इथवर आले. बैठक धारांच्या आधी हाय. अजून येळ हाय."

"त्या पोराला काय व्हतंय? तरणा हाय, शिकलेला हाय. कुठं बी नोकरी मिळंल," धोंडप्पा म्हणाले.

गिरिजाबाई वळल्या. तेवढ्या एका वाक्यानं त्यांचे पाय हलके झाले.

६

बैठकीला लिंबाखाली सगळं गाव होतं. धोंडप्पाही आले, पुढं बसले, आणि गप्प राहिले. गिरिजाबाई वाट बघत होत्या. नानासाहेबांनी मच्छिंद्रला खुलासा विचारला. मच्छिंद्रनं खिशातून किल्ली काढून दगडावर ठेवली.

"खुलासा मागून करतो. आधी एकच सांगतो. काल इथं कुणी एकानं बी शोधलं न्हाय, पाणी कुठं गेलं. समद्यांनी शोधलं, किल्ली कुणापाशी हाय."

गलका झाला. त्या गलक्यात बायकांच्या बाजूनं कुणीतरी उभं राहिलं.

"मला मोठ्यानं बोलता येत न्हाय," गिरिजाबाई म्हणाल्या. "जरा गप्प बसाल का?"

सोमवारचं मौन साऱ्या गावाला माहीत होतं, पण ही बाई बैठकीत बोललेली कुणी ऐकली नव्हती. म्हणून गाव गप्प बसलं.

त्यांनी आधी तोटीचं सांगितलं. तोटी तळापासून वीतभर वर. तिच्यातून पाणी सोडलं असतं तर वीतभर खाली उरलं असतं. श्रीमंतला विचारलं, परवा हौद कोरडा केला होता का. तो म्हणाला, व्हय, फडक्यानं. मग झाकणाचं सांगितलं. मालनबाईंना विचारलं, पूजा हलली होती का. त्या म्हणाल्या, पाकळी बी न्हाय.

"खालनं गेलं न्हाय. वरनं गेलं न्हाय. मग पाणी गेलंच न्हाय. ते आलंच नव्हतं."

"आवो, आमी कानानं ऐकलं की पडताना!" कुणी ओरडलं.

"टँकरच्या बुडाशी उरलेलं गाळाचं पाणी पडताना ऐकलं. कोरड्या हौदात दोन घागरी ओतल्या तरी धो-धो वाजतं. बघितलं कुणी न्हाय. मच्छिंद्रच्या नाटकात दाजी न्हाईत का? ते आत हाईत असं सगळे म्हणतात, पेला आत जातो, म्हणून आपण मानतो. काल तसंच झालं. पण मच्छिंद्र म्हणाला होता, न दिसणारं माणूस बाहेरच्यांच्या वागण्यात असतं. पाणी आत असतं तर त्याला बघून वागणारे कोण? तोटी ठिबकली असती. भिंत गार लागली असती. माझ्या चिमण्या आल्या असत्या. काल दुपारी, तालमीच्या आधी, परळ कोरडी होती आणि एक चिमणी नव्हती. माणसं फसली. पाखरांना कुणी पूजा दाखवली नव्हती."

नानासाहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मग टँकर कुठं रिता झाला?"

"पहाटं, इथं यायच्या आधी, एका तहानलेल्या जागी." गिरिजाबाईंनी पदराची गाठ सोडली, पान काढलं आणि दगडावर, किल्लीच्या शेजारी ठेवलं. दुपारपासून गाठीत राहूनही ते हिरवं होतं. "त्या माणसाच्या मनात खोट नव्हती. दुपारच्या टँकरनं हौद भरायचा, कुणाला कळणार न्हाय, असा हिशेब होता. तोवर झाकण उघडू नये म्हणून त्यावर देव बसवला. टँकर आला न्हाय. इथवर मी समजू शकते. वेल मरताना मी बी बघितलेत. पण मग एका पोरावर आळ आला, आणि ते माणूस गप्प बसलं."

"कोण?" नानासाहेब म्हणाले. "नाव घ्या, वहिनी."

"काल झाकण सरकवलं तेव्हा सगळ्यांच्या टाचा उचलल्या होत्या. एका माणसानं आत वाकून बघितलं न्हाय. आत काय हाय ते त्याला ठाव होतं. ज्याला ठाव असतं त्याची नजर जात न्हाय." "नाव मला घेता येत न्हाय."

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग एकेका बाईला उमगलं. गिरिजाबाई गावात कुणाचंही नाव घेऊ शकत होत्या. एक नवऱ्याचं सोडून, आणि एक…

माना वळू लागल्या. सगळ्या एकाच दिशेला. आणि त्या वळलेल्या मानांच्या शेवटाला, कुणी बोट न दाखवता, धोंडप्पा बसलेले होते.

ते उठले. वहाणा जागीच राहिल्या.

"ती घेणार न्हाय नाव," ते म्हणाले. "तीस वर्षं घेतलं न्हाय. म्याच घेतो. धोंडप्पा." त्यांनी दगडावरची किल्ली उचलली, मच्छिंद्रपुढं धरली. "पोरा, तुला कुठं बी नोकरी मिळंल असं म्या दुपारी म्हणालो. ते पाणी चोरण्याहून वंगाळ व्हतं."

मच्छिंद्रनं किल्ली लगेच घेतली नाही. गावाकडं बघितलं. "हौद एकच राहणार का, एवढं सांगा. मग घेतो."

नानासाहेबांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. "एकच राहील. माझा शब्द हाय."

धोंडप्पांनी संचालकपद सोडलं. उन्हाळा संपेपर्यंत टँकर आणायला तेच सडकेवर उभे राहायचे, पण आता झाकण सताड उघडं असायचं, ज्याला पाहिजे त्यानं टाचा उंचावून बघावं. पूजा मालनबाईंनी पुन्हा तोटीशी आणली. पानमळा निम्मा वाळला. नवऱ्याच्या हातचे काही वेल त्यात गेले. गिरिजाबाईंनी ते कुणापाशी बोलून दाखवलं नाही. एका सोमवारी मळ्यात उभ्या राहून आल्या, एवढंच.

धोंडप्पांनी नाटकही सोडायचं म्हटलं होतं. मच्छिंद्रनं सोडू दिलं नाही. "तुमी गेला तर थोरला मुलगा कोण? उभं तर राहावं लागंल, अप्पा."

वर्धापनदिनाला शाळेपुढं मांडव भरला. श्रीमंतनं पेला आत नेला. दाजींचं नाव निघालं, आणि धोंडप्पांची नजर आतल्या दाराकडं गेली. गेली ती तिथंच खिळली. खांदे पडले, ओठ हलले, शब्द फुटेना.

बायकांत गिरिजाबाईंच्या शेजारी बसलेली एक म्हातारी त्यांच्या कानाशी लागली. "का वो गिरजाबाई, आत खरंच कुणी हाय का?"

भासरे समोर होते, तरी गिरिजाबाईंनी पदर बोटभर मागं सारला आणि दाराकडं पाहिलं.

"हाईत," त्या म्हणाल्या. "आज हाईत."